खर्जाचा जोर कुठे जातो

गॅदरिंगचा शेवटचा कार्यक्रम संपला होता. बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या सभागृहात खुर्च्या एकात एक घालण्याचा खडखडाट सुरू झाला होता आणि स्टेजच्या कडेला एक मुलगी बेस गिटार पिशवीत भरत होती. तिच्या बँडनं दणकून वाजवलं होतं: डिस्टॉर्शनच्या दोन गिटारी, डबल पेडलवर तुटून पडणारा ड्रमर, आणि ही, पिकानं (तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकतीनं), मनगट दुखेल इतक्या जोरानं. शेवटच्या रांगेत मात्र तिच्या वाजवण्यातली नुसती टकटक पोचत होती. पिक तारेवर आपटल्याचा कोरडा आवाज, आणि त्याच्यामागं काहीच नाही. साउंडवाल्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कॉम्प्रेसर लावलो की दादा. सस्टेन फुल्ल ठेवलो. तरी आवाज येईनाच झालाय." पायाजवळच्या छोट्या पेडलचा लाल दिवा अजून जळत होता, आणि सस्टेनचा नॉब खरंच उजवीकडं शेवटपर्यंत वळवलेला होता.

ते बोलणं डोक्यातून जाईना, कारण पोरीनं कुणाचं ऐकलं नाही असं नव्हतं. दुकानात, व्हिडिओत, सिनियर मुलांच्या कट्ट्यावर जे सांगतात तेच तिनं केलं होतं: बेस जड वाजवायचाय तर कॉम्प्रेसर घे, आवाज भरतो. खरं तर हा पेडल आवाजात काहीच भरत नाही. तो आधी कापतो. ठरवलेल्या पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर गेलेला भाग रेशोच्या हिशेबानं दाबतो, आणि उरलेलं सगळं वर उचलायचं काम लेव्हलच्या नॉबवर सोडतो. रेशो ४ ला १ असेल आणि फटका थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर गेला, तर बाहेर येतो तो फक्त ३ डेसिबल वर. मधले ९ डेसिबल गेले. ते लेव्हलनं परत घेतले नाहीत तर पेडल दाबल्या दाबल्या बेस लहान होतो. परत घेतले तर तारांची खरखर, पिकअपचा (तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी भागाचा) हम, स्टेजच्या वायरिंगची भुणभुण हे सगळंही तेवढंच वर येतं. स्वस्तातल्या बऱ्याच पेडलवर सस्टेन किंवा कॉम्प असं लिहिलेला एकच नॉब असतो. तो जितका उजवीकडं, तितकं दाबणं जास्त. आणि जो माणूस सतत जोरातच मारतो त्याचा प्रत्येक फटका थ्रेशोल्डच्या वर असतो, म्हणजे पेडलला मोकळं व्हायला सवडच मिळत नाही.

तिचा सगळा जोर त्या डबीतच राहत होता.

बेळगावात वाढलेल्या पोराला खर्जाची ओळख गिटारीतून होत नाही. ती मिरवणुकीत होते. विसर्जनाच्या रात्री गणपत गल्लीतून कपिलेश्वर तलावाकडं सरकणाऱ्या गर्दीत डॉल्बीची भिंत शेजारून गेली की दुकानांची शटरं थरथरतात, आणि छातीत जे येऊन बसतं त्यालाच आपण लहानपणापासून बेस म्हणत आलेलो असतो. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठंही जा, बेंजो पार्टीचा कीबोर्डवाला डाव्या हातानं खर्ज धरतो तोही त्याच भिंतीतून येतो. तो आवाज यंत्रातून निघालेला असतो: प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याइतकाच मोठा, आणि स्पीकर फाटू नयेत म्हणून अॅम्प्लिफायरच्या रॅकमध्ये बसवलेला लिमिटर त्याची टोकं छाटत असतो. या आवाजावर कान तयार झाला की बेस गिटार हातात घेतल्यावर पहिला धक्का बसतो तो तारेच्या स्वभावाचा. तार मारली त्या क्षणी सगळ्यात मोठी असते आणि पुढच्या क्षणापासून विझत जाते. ती भिंत या तारेतून काढायची हौस मला अगदी मनापासून कळते. इथल्या मातीत जड वाजवणारी मुलं तयार होतात यात नवल नाही. वाईट एवढ्याचंच वाटतं की महिनोन्महिने साठवलेले पैसे अशा डबीवर जातात, जिच्याकडं काय मागायचं हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

तार मारल्यावर काय होतं ते मिलिसेकंदांत पाहिलं की त्या टकटकीचा उलगडा होतो. चार तारांच्या बेसची मोकळी ई, म्हणजे सगळ्यात खालची तार, साधारण ४१ हर्ट्झची. तिची एक लहर पुरी व्हायला २४ मिलिसेकंद लागतात. तीच तार डीपर्यंत उतरवली की ३७ हर्ट्झ, २७ मिलिसेकंद. पाच तारांच्या बेसवरची बी ३१ हर्ट्झची, तिला ३२ मिलिसेकंद. पिकचा आघात मात्र पहिल्या काही मिलिसेकंदांतच होऊन जातो, खर्जाची एक लहरही पुरी व्हायच्या आत. आता अटॅक, म्हणजे दाब पुरा बसायला पेडल जो वेळ घेतो तो, १० मिलिसेकंदांच्या आसपास असला तर आघात निसटून जातो आणि पेडल नेमका त्यामागून येणाऱ्या खर्जावर बसतो. त्यात सस्टेन फुल्ल असला की टकटक शाबूत आणि मागचा गाभा १५ डेसिबलनं खाली, हेच सभागृहात ऐकू येत होतं. अटॅक १-२ मिलिसेकंदांवर नेला तर उलट होतं. पिकचा दातही जातो, आवाज गुळगुळीत होतो आणि दोन गिटारी सुरू झाल्या की त्यांच्यामागं नाहीसा होतो. पिकानं जड वाजवणाऱ्यानं २० ते ४० मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी. दात आणि खर्जाची पहिली लहर दोन्ही बाहेर पडू द्यावी, मग दाब यावा, आणि तो नेहमीच्या फटक्यावर ३ ते ६ डेसिबलच असावा. अगदी बेभान फटक्यावर ८-१० झाला तर चालतो.

रिलीज मात्र अटॅकपेक्षा अवघड. स्वस्त पेडलवर बहुधा त्याचा नॉबच नसतो, कारखान्यात ठरवून टाकलेला असतो. दाबलेला आवाज पेडलनं किती वेळात सोडायचा, हे तो ठरवतो. तो फार कमी असला, म्हणजे खर्जाच्या एकदोन लहरींइतकाच, तर पेडल एकाच लहरीच्या चढउतारामागं धावायला लागतो, दाबतो-सोडतो, दाबतो-सोडतो, आणि मोकळी ई धरून ठेवली की तिच्या तळाशी घरघर ऐकू येते. लोक ती स्पीकरची समजतात. फार जास्त असला तर पुढचा फटका येईपर्यंत पेडल सुटलेलाच नसतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात आठव्या मात्रेच्या, म्हणजे एका ठोक्यात दोन येणाऱ्या, दोन फटक्यांत २५० मिलिसेकंद असतात. १८० च्या वेगात १६७. त्याच वेगात सोळाव्या मात्रा (ठोक्यात चार) चालवल्या तर अवघे ८३. म्हणजे १८० ला आठव्या मात्रा हाणणाऱ्याला १०० ते १५० मिलिसेकंदांचा रिलीज बरा पडतो, आणि अर्ध्या सेकंदाचा रिलीज असलेला पेडल त्याच्या पायाखाली पूर्ण गाणंभर मिटलेलाच राहतो. वेगवेगळ्या कंपन्या हा वेळ वेगवेगळ्या रीतीनं मोजतात, म्हणून कागदावरचे आकडे एकमेकांशी लावून बघण्यात अर्थ नाही. कानानं लावावा. सगळे नॉब असतील तर रेशो मुद्दाम शेवटपर्यंत वाढवायचा, थ्रेशोल्ड खूप खाली घ्यायचा, म्हणजे पेडल काय करतोय ते ढळढळीत ऐकू येतं. मग पिकचा दात परत दिसेपर्यंत अटॅक लांबवायचा. मग गाण्याच्या वेगात एकच स्वर वाजवत पुढच्या फटक्याच्या जरासं आधी आवाज पुन्हा मोकळा होईल असा रिलीज लावायचा. शेवटी रेशो ४ वर आणायचा आणि थ्रेशोल्ड वर घेत घेत दाब थोडाच उरेल तिथं थांबायचं. नॉब कुठल्या बाजूला वळवला की वेग वाढतो हेही प्रत्येक पेडलवर सारखं नसतं. स्टुडिओतल्या जुन्या ११७६ या कॉम्प्रेसरवर उजवीकडं नेला की अटॅक वेगवान होतो, आणि त्या वळणावर बेतलेल्या काही पेडलवरही तसंच आहे. काही पेडलवर नेमकं उलट.

दाब किती पडतोय हे दाखवणारे दिवे असतील तर अर्धं काम तिथंच होतं.

एमएक्सआर कंपनीच्या एम८७ वर ते आहेत, दहा दिव्यांची ओळ. सोबत इनपुट, आउटपुट, अटॅक, रिलीज आणि ४, ८, १२, २० असा रेशो. बेससाठीच बनवलेला पेडल आहे आणि शिकायला याच्यासारखा दुसरा नाही, पण नवा घ्यायचा तर त्या पैशात साधी पहिली बेस गिटार येते. म्हणून कॉलेजातल्या मुलांच्या पायाशी दिसतात ते दुसरेच. बॉसच्या सीएस-३ च्या चालीवरचा बेहरिंगरचा सीएस४००, प्लास्टिकच्या खोक्यातला, लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन असे चार नॉब. मूअरचा यलो कॉम्प, छोटा, आत दिवा आणि प्रकाशानं बदलणारा रोध. या प्रकाशावर चालणाऱ्या जातीचं दाबणं मुळातच मऊ आणि सावकाश असतं. बोटांनी संथ वाजवणाऱ्याला ते फार गोड लागतं, १८० च्या वेगात पिक चालवणाऱ्याला ते मागं पडल्यासारखं वाटतं. आणि दोन नॉबचे कितीतरी पेडल, ज्यांचा मूळ पुरुष १९७० च्या दशकातला एमएक्सआरचा डायना कॉम्प. हे गिटारसाठी केलेले आहेत, आणि बेसच्या बाबतीत त्यांची दोन ठिकाणी अडचण होते.

पहिली अडचण आत शिरतानाची. डायना कॉम्पच्या घराण्यात आवाज कमी-जास्त करण्याचं काम ओटीए नावाची चिप करते, पूर्वी सीए३०८०, आता बहुधा एलएम१३७००. ही चिप थोड्याच मिलिव्होल्टपर्यंत सरळ वागते, पुढं वाकडं बोलायला लागते. जड हातानं मारलेला हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) पिकअप व्होल्टभर किंवा त्याहून मोठं टोक सहज देतो. बेसच्या आत ९ व्होल्टची बॅटरी आणि प्रीअॅम्प असेल तर आणखी मोठं. म्हणून आवाज आधी बारीक करून आत घ्यावा लागतो आणि बाहेर पुन्हा मोठा करावा लागतो, आणि त्या उचलण्यात हिस्स वाढतो. वर आघाताच्या क्षणी चिप फाटतेच. दुसरी अडचण कपॅसिटरची. आत शिरताना १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यापुढं ४७० किलोओहमचा रोध असेल तर ३४ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलनं खाली येतो. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची, तिला याचा पत्ताही लागत नाही. बेसची ३१ हर्ट्झची बी मात्र थेट या उतारावर सापडते, आणि आत असे दोन-तीन टप्पे एकामागून एक असतील तर ईसुद्धा बारीक होते. तिथं १०० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर बसवला की तोच उतार साडेतीन हर्ट्झच्या खाली जातो. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात हा कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. ज्या पेडलमध्ये भाग पायांवर उभे आहेत तिथं साधं सोल्डरिंग येणाऱ्या कुणालाही तो बदलता येईल. मिनी पेडलमध्ये भाग पट्टीला चिकटवलेले आणि तांदळाच्या कणीएवढे असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हे कपॅसिटर सुधारले तरी एक गोष्ट राहतेच. पेडल किती दाबायचं हे ठरवण्यासाठी आत येणारा सगळा आवाज ऐकतो, आणि बेसमध्ये सगळ्यात जास्त शक्ती खर्जात असते. खालची तार वाजली की तो तिच्या मापानं पूर्ण आवाज दाबतो, त्याबरोबर ७००-८०० हर्ट्झच्या आसपासची गुरगुरही जाते, जिच्यामुळं बेस गिटारींच्या गर्दीत ओळखू येतो. म्हणून मला कमी बजेटमध्ये टीसी इलेक्ट्रॉनिकचा स्पेक्ट्राकॉम्प सगळ्यात शहाणा वाटतो. तो आवाजाचे खालचा, मधला, वरचा असे तीन पट्टे करून प्रत्येक वेगळा दाबतो. त्यामुळं खालची तार कितीही उसळली तरी वरची गुरगुर जागेवर राहते. नॉब एकच आहे आणि त्यामुळं मुलं त्याला खेळणं समजतात, पण यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडला की प्रत्येक पट्ट्याचा थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज उघडतो. आत लावून ठेवलेल्या सेटिंगवरच तो वापरणं म्हणजे अर्धा पेडल विकत घेणं. डिजिटल असल्यामुळं त्याला साधारण १०० मिलिअँपिअर लागतात आणि बॅटरीची सोय नाही. ज्याच्याकडं अजून एकही पेडल नाही त्यानं मात्र नुसत्या कॉम्प्रेसरच्या मागं न लागता झूमचा बी१ फोर बघावा. कॉम्प्रेसरचे अनेक प्रकार, ट्यूनर, लूपर, एका वेळी पाच इफेक्ट, आणि वीज गेली तरी चार पेन्सिल सेलवर चालतो. तिथं हात बसला की स्वतःला कुठल्या जातीचा कॉम्प्रेसर हवा हे कळतं, मग वेगळा घ्यायचा तर घ्यावा.

ब्लेंडचा नॉब असलेला पेडल मिळाला तर तो आधी उचलावा. त्यात न दाबलेला मूळ आवाज आणि दाबलेला आवाज एकत्र मिसळता येतो. मूळ आवाजातून पिकचा दात येतो, दाबलेल्यातून स्वराची शेपटी लांबते, आणि मग दाब १०-१२ डेसिबलचा ठेवला तरी खपतो. नॉब नसेल तर मिक्सरवर हेच करता येतं: बेस आधी डीआय बॉक्समध्ये (गिटार मिक्सरला जोडायच्या डबीत), तिथून एक वाट सरळ एका चॅनेलला, दुसरी वाट पेडलमधून दुसऱ्या चॅनेलला. इथं दोन गोष्टी बिघडतात. काही पेडल आवाज उलटा करून बाहेर काढतात. दुसरा चॅनेल वर केल्यावर खर्ज वाढण्याऐवजी गायब झाला तर समजावं हेच झालं, आणि मिक्सरवर उलट करायचं बटण असेल तर दाबावं. दुसरं, डिजिटल पेडल आवाज किंचित उशिरा सोडतो. २ मिलिसेकंदांचा उशीर झाला तर ४१ हर्ट्झला काही बिघडत नाही, पण २५० हर्ट्झला दोन्ही आवाज एकमेकांना बरोबर खाऊन टाकतात आणि बेसचं पोट जातं. म्हणून बाहेरून मिसळायचं असेल तर अॅनालॉग पेडलच वापरावा. मिक्सरवाल्याला आधी विचारूनही घ्यावं. डिजिटल मिक्सरवर बहुधा प्रत्येक चॅनेलला कॉम्प्रेसर असतो, आणि यामाहाच्या एमजी मालिकेतल्या साध्या मिक्सरवरही काही चॅनेलना एका नॉबचा कॉम्प्रेसर असतो. पायाशी एक आणि तिथं दुसरा, दोन्ही जोरात, असं झालं की जे उरतं त्याला कुणी बेस म्हणणार नाही.

डिस्टॉर्शन लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. डिस्टॉर्शन स्वतःच आवाज दाबतो, टोकं छाटणं हेच त्याचं काम. त्याच्यानंतर कॉम्प्रेसर ठेवला तर हाताला लागतो तो मुख्यतः वर उचललेला हिस्स. आधी ठेवला तर प्रत्येक फटका सारख्याच जोरानं डिस्टॉर्शनमध्ये शिरतो, कुरकुर एकसारखी येते, आणि जड संगीतात बहुतेकांना तेच हवं असतं. क्रम असा बसतो: ट्यूनर, कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन, प्रीअॅम्प. हिस्स फारच असेल आणि नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारा पेडल) लावायचा असेल तर तो कॉम्प्रेसरच्या आधी. कॉम्प्रेसरमधून गेल्यावर स्वर आणि खरखर यांच्यातलं अंतर कमी होतं, मग गेटला कुणाला अडवायचं ते समजत नाही आणि तो स्वराची शेपटी तोडतो.

आता खोली. आपल्याकडं सराव होतो तो घराच्या माडीवर, गोडाऊनमध्ये, कुणाच्या तरी रिकाम्या गाळ्यात. १४ फूट रुंदीच्या उघड्या भिंतींच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतींत घुमतो, म्हणजे नेमकी मोकळी ई. ती एक तार खोली हलवते, शेजारची ए मवाळ वाटते, आणि पोरं कॉम्प्रेसर वाढवत जातात. त्यानं काहीच होणार नाही. पेडल तारेला ऐकतो, खोलीला नाही. तारेतून ई आणि ए सारख्याच निघत असतील तर त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. अॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढावा, जागा बदलावी, ४० हर्ट्झ इक्वलायझरवर थोडं उतरवावं. आणि खरंच एखादी तार गिटारीतूनच मोठी येत असेल तर पिकअपच्या त्या बाजूचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा खाली घ्यावा. याला पैसे लागत नाहीत. तारांच्या बाबतीतही पेडलचा उपयोग नाही. खानापूरकडच्या पावसात जून ते सप्टेंबर तारा लवकर काळ्या पडतात, आणि मेलेल्या तारेत वरची झणझण नसते. नसलेली झणझण कुठलाही कॉम्प्रेसर आणून देत नाही. बीपर्यंत उतरवून वाजवायचं आणि ई साठीची १०५ जाडीची तार लावायची, मग ती सैल तार फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर) आपटून टकटक करणारच. तिथं १३० ची तार हवी, त्यासाठी नटची, म्हणजे दांड्याच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची, खाच रुंद करावी लागते. पेडल घेण्याआधी हा खर्च करावा असं माझं ठाम मत आहे.

विजेचं एक सांगायलाच हवं. मंडपात सिरीयलच्या माळा, जनरेटर, कुठून कुठं ओढलेली वायर आणि अर्थिंग नसलेलं सॉकेट यांतून जो हम येतो तो ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा. बेसवर ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा आहे. म्हणजे वाजवायचं थांबल्यावर स्पीकरमधून जीच्या किंचित वरचा स्वर गुणगुणत असेल तर तो विजेचाच समजावा. कॉम्प्रेसर शांततेत मोकळा होतो आणि तो गुणगुणाट वर आणतो, म्हणून दोष पेडलला लागतो. काही ठिकाणी प्लगची अर्थची पिन मोडून हम घालवतात. ते कधीही करू नये. तारा धातूच्या आहेत, हात त्यांच्यावर आहे आणि तोंडासमोर माइक आहे. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात, आणि मधला टोक ऋण असलेला अॅडाप्टर. घरातल्या राउटरचा अॅडाप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि मधला टोक धन असा असतो, पिन तीच बसते आणि पेडल जळू शकतो. खोक्यावरची छोटी आकृती वाचून मगच प्लग घालावा. एकाच अॅडाप्टरवरून साखळीनं चार पेडल चालवले की डिजिटल पेडलची चिरचिर अॅनालॉग कॉम्प्रेसरमध्ये शिरते. प्रत्येक वाट वेगळी असलेला पॉवर सप्लाय महाग वाटत असेल तर निदान डिजिटलला वेगळा अॅडाप्टर द्यावा.

बेळगावात पेडल हाताळून बघायला फारसे मिळत नाहीत. मुलं ऑनलाइन मागवतात, नाहीतर कोल्हापूर, पुणे, किंवा चोर्ल्याच्या घाटानं गोवा गाठतात. गोव्यात वापरलेले पेडल बरे मिळतात, कारण तिथं वाजवणारे पुष्कळ. कुठूनही आणला तरी पहिली परीक्षा एकच: पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची उंची कानाला सारखी होईपर्यंत लेव्हल लावायची. हे केलं नाही तर थोडा मोठा असलेला आवाज नेहमीच चांगला वाटतो आणि कुठलाही पेडल पास होतो. मग सगळ्यात खालची तार मोकळी मारायची, बाराव्या फ्रेटवर वरची तार मारायची, दोन्ही चालू-बंद करून. चालू केल्यावर खालची बारीक झाली तर तो पेडल गिटारवाल्याला द्यावा. मग गाण्याच्या पूर्ण वेगात, पूर्ण जोरात, दोन मिनिटं. हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर किंवा छोट्या सरावाच्या अॅम्पवर ठरवू नये, त्यांच्यातून ४१ हर्ट्झ बाहेरच येत नाही. चांगला हेडफोन किंवा ड्रमर शेजारी बसलेला असताना मोठा अॅम्प हवा.

वापरलेला घेताना बेस न जोडता नॉब फिरवून बघावेत. खरखर आली तर घाबरू नये, आपल्याकडच्या दमटपणात पॉट (नॉबखालचे फिरते भाग) खरखरतातच आणि कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी बहुधा सुधारतात. फूटस्विच दाबल्यावर एकदा लागतो, एकदा नाही असं असेल तर तो बदलता येतो, किंमत तेवढी कमी करून घ्यावी. जॅकमध्ये केबल हलवली की आवाज तुटत असेल तर बहुतेक सोल्डर सुटलेलं असतं, तेही होतं. मग तळाचे चार स्क्रू काढून बॅटरीचा कप्पा उघडायला लावावा. आत बॅटरी फुटून पांढरी-हिरवी पूड पसरलेली असेल आणि ती बोर्डापर्यंत पोचली असेल, तर कितीही स्वस्तात मिळत असला तरी तो पेडल तिथंच ठेवून यावं.